चार बोटं उंच माहेर

जनार्दन मोघ्यांना तिरकं काही खपत नसे. मिल्टनमध्ये कुणाकडे जेवायला गेले की पानं वाढून होईपर्यंत हे गृहस्थ भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी सरळ करून यायचे. यजमानीण ओशाळायची, वनिताताई कपाळावर हात मारून घ्यायच्या, पण यांना त्याचं काही नाही. आयुष्यभर कारखान्यात मापं तपासली, आधी भोसरीला, मग इथे कॅनडात गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथे. रिटायर झाले तरी खोड काही रिटायर झाली नाही. अहो, स्वतःच्या लग्नात अंतरपाट एका बाजूने खाली आलाय म्हणून मंगलाष्टकं थांबवणारा माणूस हा! वनिताताई अजून सांगतात, "पलीकडे मी हार धरून उभी, हात भरून आलेत, आणि इकडून आवाज येतोय, मामा, डावीकडून जरा वर घ्या!"

असा माणूस एक दिवस स्वप्न बघायला लागला, म्हणजे कमालच म्हणायची. पण त्याला कारण तसंच घडलं.

त्यांची एकुलती एक मुलगी कादंबरी मॉन्ट्रियलला असते. दोन हजार सोळाच्या वसंतात तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे घरात कुणी वेगळं ठरवायचीसुद्धा गरज नव्हती. वनिताताईंनी डिंक, खारीक, अळीव भारतातून मागवून ठेवलं होतं. आणि एका सकाळी फोन आला. पोरीचा आवाज उतरलेला. म्हणाली, "बाबा, डॉक्टर म्हणतेय नो ट्रॅव्हल. आता शेवटपर्यंत इथेच. आय नो, मी काय लहान आहे का, अनिश आहे, सगळं आहे. पण मला ना बाबा, माहेरी यायचं होतं."

बरं, पोरीला येता येत नाही तर आईने जावं. पण तिथेही घोडं अडलेलं. आदल्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्याने काढताना वनिताताईंचा पाय सरकला आणि त्या अशा काही आपटल्या की कंबर कायमची रुसली. अर्धा तास बसलं की कळ मस्तकात जायची. मग आडवं व्हायचं, तेही सपाट, पाय लांब करून. गाडीच्या मागच्या सीटवर मुडपून झोपून बघितलं, तर हॅमिल्टनपर्यंत जाऊन रडत परत आल्या. विमान, ट्रेन, सगळ्याला बसावंच लागतं. आणि पोहोचल्याच समजा, तरी कादंबरीचं घर तिसऱ्या मजल्यावर, बाहेरून गोल फिरत जाणारा लोखंडी जिना. मॉन्ट्रियलच्या लोकांना तो जिना फार आवडतो म्हणे. आवडो बापडा.

त्या दिवसांत जनार्दनराव सकाळचे चालायला गावाबाहेर जात. नवी घरं संपली की शेतं लागतात, पलीकडे कड्याची निळी रेघ. तिथे ग्लेन नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या आवारात एक जुना ट्रेलर, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, उभा होता. धुकं होतं, गवतात पिवळी फुलं फुलली होती, आणि त्या धुक्यात ट्रेलरची चाकं दिसत नव्हती. नुसतं एक पांढरं घर, छोट्या खिडक्यांचं, जमिनीपासून जरा वर, तरंगत असल्यासारखं. जनार्दनराव बघतच राहिले. त्यांना वाटलं, हे घर आता हळूच निघेल. नदीच्या काठाकाठाने जाईल. पडदे हलतील, आत वनिता आडवी पडलेली असेल, आणि कुणाला कळायच्या आत ते मॉन्ट्रियलला पोरीच्या दाराशी जाऊन उभं राहील. पोर माहेरी येऊ शकत नाही ना? मग माहेरच जाईल.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा वनिताताईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. मग म्हणाल्या, "अहो, तुम्हाला ताप तर नाही ना आला?" आणि पदराने डोळे पुसत हसायला लागल्या.

ग्लेनने ट्रेलर आनंदाने दिला. ओढायला जनार्दनरावांनी एक मोठा पिकअप ट्रक घेतला, वापरलेला पण दणकट. कागद बघून, वजनं जुळवून, ट्रक केवढं ओढेल आणि पाठीवर केवढं पेलेल हे सगळं नीट पारखून घेतला. एक गोष्ट तेवढी राहून गेली, उंची. आणि हसू येतं ते याचंच, की राहून गेली ती नेमकी या माणसाच्या हातून.

हा ट्रेलर दाव्याला बांधलेल्या वासरासारखा मागून येत नाही. त्याचं नाक पुढे आलेलं असतं आणि ते ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या जोडावर टेकतं, नातू आजोबांच्या पाठीवर हनुवटी टेकतो तसं. नाकाच्या आत पलंग असतो. आता ट्रेलर जुना, त्या काळच्या ठेंगण्या ट्रकांसाठी केलेला. आणि जनार्दनरावांचा ट्रक नव्या वळणाचा, हौदा उंच. जोडून बघितलं तर ट्रेलरचं नाक वर आणि शेपूट खाली. मागच्या चाकांवर भलता भार, ब्रेक लागणार वेडावाकडा, वारा आला तर शेपूट झुलणार. बरं, जोड खाली घ्यावा तर हौद्याची भिंत आणि वर आलेलं ट्रेलरचं पोट यांच्यात फट उरेना. रस्त्यात एक खड्डा लागला की भिंत पोटात घुसलीच म्हणून समजा.

"किती वर आहे?" वनिताताईंनी विचारलं.

"चार बोटं."

"एवढंच होय!"

"एवढंच?" जनार्दनराव असे काही बघायला लागले की जणू बायकोने देवाला शिवी दिली.

मग सुरू झालं मापणं. मे महिनाभर रोज सकाळी ते वनिताताईंना घेऊन ग्लेनच्या आवारात जात. त्या नाकातल्या पलंगावर आडव्या पडत आणि हे खाली टेप, पट्टी आणि लेव्हल घेऊन वाकत. लेव्हलच्या हिरव्या पाण्यातला बुडबुडा पुढच्या अंगाला सरकून बसलेला असे, आणि तो मध्ये यावा म्हणून जनार्दनराव त्याच्याकडे इतका वेळ बघत की बघता बघता त्यांचंच भान सुटे. हिरवं पाणी, हिरवं शेत, वरून बदकांची ओरड. पलंगावरून वनिताताईंचा आवाज येई, अर्धवट झोपेतला. "अहो, ढग चाललेत, पण वाटतंय की आपणच चाललोय." हे खालून म्हणत, "हो, चाललोयच." आणि खरंच त्यांना क्षणभर चाक फिरल्यासारखं वाटे. असं सुख त्या दोघांना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. बाकी जग मागण्या करत होतं आणि ही दोघं एका न हलणाऱ्या घरात प्रवास करत होती.

पण बुडबुडा काही मध्ये येईना.

ग्लेन कुंपणाला टेकून म्हणाला, "जॅन, जरासं नाक वर असलं तर काही बिघडत नाही. चार बोटं जरा जास्तच आहेत, ते कबूल. थोडं कमी कर आणि जा." कमी कसं करायचं ते मात्र त्यालाही सांगता आलं नाही. एका वर्कशॉपवाल्याने सांगितलं, ट्रेलरचा आस काढून कमानींच्या, म्हणजे स्प्रिंगच्या पात्यांच्या, खालून बसवू, म्हणजे सगळा ट्रेलरच उंच होईल, प्रश्न मिटला. पण त्याच्याकडे उन्हाळ्याची गर्दी. जूनच्या शेवटी या म्हणाला. आणि कादंबरीची तारीख होती जूनच्या मध्यावर.

"आपण थांबू," जनार्दनराव म्हणाले.

त्या दिवशी वनिताताई भडकल्या. त्या सहसा भडकत नाहीत, पण भडकल्या की तोंडाला लगाम नसतो. "बसा तुम्ही तुमचा बुडबुडा बघत! नातवंड जन्माला येईल, रांगेल, शाळेत जाईल, आणि आजोबा अजून ट्रेलरखाली! अहो, माझी लेक तिकडे एकटी आहे. तिला आई हवीये, सरळ रेषेत आलेली आई नकोय!"

"आणि वाटेत शेपूट झुललं, काही झालं म्हणजे? तुला परत आपटलेली बघायची माझी छाती नाही."

हे त्यांनी एवढ्या हळू म्हटलं की वनिताताईंचा राग तिथल्या तिथे विरला. बर्फ पडलं होतं त्या दिवशी ड्राइव्हवे साफ करायची पाळी जनार्दनरावांची होती. ते आत तसबीर सरळ करत होते. त्याबद्दल दोघं कधी बोलली नव्हती. तेव्हाही बोलली नाहीत. पण वनिताताई पलंगाजवळच्या खिडकीतून हात खाली सोडून राहिल्या, आणि जनार्दनरावांनी तो धरला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अनिशचा फोन आला. जावई तसा शांत मुलगा, पण आज घाईघाईने बोलत होता. कादंबरीचं ब्लड प्रेशर वाढलं होतं. डॉक्टरांनी ॲडमिट करून घेतलं होतं आणि बाळ तारखेच्या आधीच काढावं लागेल असं सांगितलं होतं. "आई, ती तुम्हाला विचारतेय," एवढंच तो म्हणाला.

वनिताताई उठून उभ्या राहिल्या. "उद्या सकाळी निघायचं. सामान भरा."

"कसलं सामान?"

आणि इथे खरी गंमत आहे, बरं का. महिनाभर हे गृहस्थ रिकामा ट्रेलर मापत होते. त्यांना वाटत होतं, जायचं ते दोन बॅगा आणि चार भांडी घेऊन. बाळंतपणाचं सामान म्हणून काही असतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि वनिताताई मुद्दाम बोलल्या नव्हत्या. बाळ यायच्या आत त्याचं काही आणायचं नाही, मांडायचं नाही, नाव काढायचं नाही, अशी त्यांच्या आईची शिकवण. सगळं बेसमेंटमध्ये चादरीखाली गपचूप ठेवलेलं. आता मुलगी हॉस्पिटलमध्ये म्हटल्यावर त्यांनी देवापाशी साखर ठेवली, "सांभाळून घे रे बाबा," म्हणाल्या, आणि चादर ओढली.

जनार्दनराव बघतच राहिले. लाडवांचे डबे. तांदळाची आणि गव्हाच्या पिठाची पोती. तुपाच्या बरण्या. अंग शेकायची शेगडी, आंघोळीचा पाट, पितळी घंगाळ. दळायचं दगडी मशीन. कादंबरी ज्यात वाढली तो सागवानी पाळणा, सुटा करून ठेवलेला. आणि या सगळ्याखाली पाटा-वरवंटा. लोक कॅनडाला येताना सोनं आणतात, या बाईंनी बोटीने दगड आणला होता.

"हे सगळं?" ते म्हणाले.

"माहेर म्हणजे काय हवा असते होय?"

ते सगळं नाकाकडच्या भागात भरलं, पलंगाखालच्या आणि त्याच्या मागच्या कप्प्यांत, कारण मोठी जागा तिथेच होती. ग्लेनने त्याची ढकलगाडी आणली आणि पाटा उचलताना आपल्या भाषेत देवाचं नाव घेतलं. जनार्दनरावांनी प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवून, ट्रकला पेलवतं की नाही हे बघूनच आत जाऊ दिली. शेवटी पाळण्याची पाळी आली. वनिताताईंनी तो जोडूनच ठेवायला सांगितला, सुटा नको. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, रस्त्याने पाळणा हलणार. रिकामा पाळणा हलवायचा नसतो. बाळाला वाईट असतं. त्यांनी पाळण्याची कड हाताने घट्ट धरली.

"बांधून टाकतो घट्ट," जनार्दनराव म्हणाले.

"हलेलच हो तरी." वनिताताईंनी सामानावरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, "तो वरवंटा द्या इकडे." बारशाला वरवंट्याला कुंची घालून बाळाच्या आधी पाळण्यात निजवतातच. त्यांनी त्याला आपल्या जुन्या सुती साडीत गुंडाळला आणि पाळण्यात ठेवला. वरून हात फिरवला. मग पाळणा दोऱ्यांनी आवळून टाकला. "आता हलू दे किती हलायचा तो," म्हणाल्या.

पाण्याची टाकी भरली. मग जनार्दनराव लेव्हल घेऊन खाली वाकले आणि बराच वेळ वरच आले नाहीत. वनिताताईंना वाटलं, झालं, आता पुन्हा काही तरी निघालं. पण ते खाली बसून नुसते बघत होते. माहेराच्या ओझ्याने ट्रकचं बूड खाली बसलं होतं, आणि नाकही त्याच्याबरोबर उतरलं होतं. हौद्याची मागची भिंत आणि ट्रेलरचं पोट यांच्यातली फटसुद्धा पुरेशी उघडली होती. बुडबुडा मधल्या रेघेला जवळजवळ चिकटला होता. जवळजवळच. नाक अजून एखादं बोट वर होतं.

ग्लेन म्हणाला, "हे झकास आहे, जॅन. निघ."

जनार्दनरावांनी त्या एका बोटाकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तिरकी वस्तू तिरकी राहू दिली. उठले, हात झटकले आणि म्हणाले, "चला, वनिता."

ट्रकच्या चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि माहेर निघालं.

चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायला कायद्याने बंदी. म्हणून वनिताताई पुढे ट्रकमध्ये बसत, अर्धा तास झाला की जनार्दनराव सोयीची जागा बघून थांबत, आणि त्या मागे जाऊन पलंगावर आडव्या होत. टोरोंटोची गर्दी मागे पडली आणि डाव्या-उजव्या हाताला नुसतं हिरवं सुरू झालं. गाडी झुलत नव्हती. मागचं घर इतकं मुकाट येत होतं की जनार्दनरावांना आरशात बघून खात्री करावी लागे. मध्येच पाणी दिसे, चकचकीत, आणि नाहीसं होई. एका थांब्यावर तेही वनिताताईंशेजारी आडवे झाले. बाजूने मोठे ट्रक गेले की घर किंचित हले, पडद्यातून ऊन येई, पाळण्याच्या दोऱ्या करकरत. दोघांना डुलकी लागली. जागे झाले तेव्हा आपण कुठे आहोत हे दोघांनाही आठवेना. भोसरीची खोली, मिल्टनचं घर, की अजून न झालेलं काही. तशीच पडून राहिली जरा वेळ.

असं रखडत जाताना एक मुक्काम वाटेत करावाच लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी, नदीकाठच्या एका विश्रांतीच्या जागी वनिताताई पलंगावर पडलेल्या असताना फोन वाजला. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. बाळ जरा लहान होतं, पण रडलं कसं, तर शेजारच्या खोलीतल्या नर्सा बघायला आल्या, असं अनिश सांगत होता. सांगता सांगता तोच रडत होता.

वनिताताईंनी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. "पोहोचले नाही हो मी," त्या म्हणाल्या. "एवढं करून नाहीच पोहोचले. या कंबरेने घात केला. तिला कळा येत असतील तेव्हा मी इथे लोळत पडले होते."

 समजुतीचं बोलायला जनार्दनराव कधीच हुशार नव्हते. त्यांनी वनिताताईंच्या पायांवर पांघरूण घातलं, एका बाजूने वर आलेलं तसंच राहू दिलं, आणि म्हणाले, "बाळंतीण हॉस्पिटलातून घरी यायच्या आत आपण पोहोचायचं. घर आधी पोहोचलं पाहिजे."

पोहोचले. मॉन्ट्रियलच्या अलीकडे नदीजवळ झाडांत एक कॅम्पग्राउंड होतं, तिथे ट्रेलर लागला. तिथून हॉस्पिटलपर्यंत बसून जाणं कंबरेला झेपेना, म्हणून लेकीने बाळाला घेऊन सरळ इथेच यायचं असं फोनवर ठरलं. सगळ्या पाट्या फ्रेंच, आवारातली माणसं फ्रेंच, आणि त्यात दोन दिवसांत डिंक तळल्याचा वास सुटला. शेजारची बाई नाक वर करून वास घेत आली आणि लाडू घेऊन गेली. वनिताताईंनी पलंग झाडला, शेगडी तयार ठेवली. पाळणा टांगायला छतात भक्कम कडी मिळेना, म्हणून जनार्दनरावांनी तो खाली दोन पाटांवर बसवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी अनिशची गाडी आली. कादंबरी उतरली. पांढरीफटक झाली होती, डोळ्यांखाली काळं आलेलं. तिच्या हातात पिवळं गाठोडं होतं. तिने ट्रेलरकडे बघितलं, दारातल्या आईकडे बघितलं, आणि तिथेच गवतात उभी राहिली.

वनिताताई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. अनिशने तो हातात घेऊन दोघींवरून ओवाळला आणि दूर टाकला. आता बाळ आत घ्यायचं. आणि तिथे घोडं अडलं. ट्रेलरचं दार उंच, खाली तीन लोखंडी पायऱ्या. वनिताताईंना वाकता येईना. कादंबरीच्या पोटाला टाके, तिला हात वर करता येईना. एक वरून हात पसरून उभी, दुसरी खालून. मधे एवढीशी जागा, पण ती काही केल्या भरेना.

"आई, आय कान्ट," कादंबरी म्हणाली आणि तिचा चेहरा वाकडा झाला.

जनार्दनराव पुढे झाले. पायऱ्यांवर एक पाय ठेवून उभे राहिले आणि लेकीपुढे हात धरले. तिने गाठोडं त्यांच्या हातांवर ठेवलं. किती हलकं होतं! त्यांनी ते सावकाश वर उचललं.

"जरा वर," वनिताताई म्हणाल्या. "अजून जरा."

त्यांनी उचललं. पण मधेच त्यांचे हात थांबले, कारण गाठोड्यातून एक बारीकशी मूठ बाहेर आली होती आणि तिने त्यांचं बोट पकडलं होतं. जनार्दनराव तसेच उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"अहो, द्या ना!" वरून वनिताताई, त्याही रडत. "माझी नात आहे ती!"

"देतो गं," ते म्हणाले. "बोट सोडू दे आधी तिला."

खाली गवतात कादंबरी वडिलांच्या पाठीला डोकं टेकून उभी होती, आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा हसत होती.